निळ्याच्या चार छटा

पत्र सोमवारी आलं. गुरुवारी तपासणी.
चंद्रात्रे शेठनी ते वाचलं, घडी घातली,
पुन्हा उघडलं,
जणू दुसऱ्या वाचनात वार बदलेल.

मंगळवारी सल्लागार ठेटे आले.
सातपूरच्या निम्म्या शेडचे कागद
त्यांच्याच बॅगेत लहानाचे मोठे झालेले.
टाइमकीपर कोण? मी हात वर केला.
त्यांनी चार पेनं दिली, चारही निळी,
पण चार दुकानांतली.
एकाच शाईत अकरा महिने लिहिले
की साहेबाला वास येतो, म्हणाले.
आणि मधूनमधून पानावर चहाचा कप टेकवत जा.

शेडमध्ये लगबग.
प्रथमोपचाराच्या पेटीत सुकलेलं आयोडीन निघालं
आणि कुणाची तरी तंबाखूची पुडी.
किमान वेतनाचा तक्ता सापडला
विश्वकर्मा पूजेच्या फोटोमागे, उलटा.
हेल्मेटं खोक्यातून काढून वाटली, प्लास्टिकसकट.
हिरा चौधरीनं विचारलं,
ही शुक्रवारी परत द्यायची का?
कुणी हसलं नाही.

बुधवारी रात्री मी आणि मस्टर.
प्रेस थांबल्या की कानात तरीही ठोके चालू राहतात,
त्या ठोक्यांवरच लिहीत गेलो:
हजर, हजर, हजर, रजा, हजर.
रोज आठ तास, ना मिनिट वर ना मिनिट खाली.
छाटणीला बागेत चार पैसे जास्त मिळतात
म्हणून निम्मी माणसं दरवर्षी पळतात,
पेठ-सुरगाण्याची पोरं बोहाड्याला गावी जातात.
माझ्या नव्या वहीत
कुणीही नाचायला गेलं नाही.

ओव्हरटाइमचं पुस्तक कोरं.
इतकं कोरं, की पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

मग पगारपत्रक. सोमा भोये.
डिसेंबर, डावा अंगठा. जानेवारी, डावा अंगठा.
गोल, भरलेला, नीट रेषांचा.
सोमाचा डावा अंगठा
नोव्हेंबरातच चाळीस टनी प्रेसखाली गेला.
मीच त्याला रिक्षातून सिव्हिलला नेलं,
रिक्षावाल्यानं सीट धुवायचे पन्नास वेगळे घेतले.

ठेटेंना फोन लावला.
जांभई देत म्हणाले,
अहो, उजव्या-डाव्याचं कोण बघतं.

मी माझा अंगठा दिव्याखाली धरला.
लहानपणीच्या विळ्याचा व्रण, आडवा.
कागदावरही आडवा. डिसेंबरात. जानेवारीत.
विसरलो होतो असं म्हणणार नाही.
आठवलं नव्हतं, एवढंच.
पूर्ण पगार कागदावर, घरी निम्मा,
त्याला आम्ही मदत म्हणत होतो.

साडेबाराला शेठना उठवलं.
ते स्लिपरवर आले, एक निळी, एक तपकिरी.
पत्रक पाहिलं. अंगठा पाहिला. माझ्याकडे नाही पाहिलं.
ठेटेंच्या वह्या कपाटात टाकल्या,
आणि जुनी, मळकी, खाडाखोडीची वही
त्यांनी स्वतः टेबलावर ओढली.
माणूस सज्जन झाला होता की नुसता घाबरला होता?
रात्री एक वाजता त्यातला फरक
मला तरी करता येईना.

पहाटेपर्यंत हिशेब.
कुणाचे किती तास, दुप्पट दरानं किती,
कुणाचा भविष्य निधी कुठल्या महिन्यापासून बुडाला.
दोनदा शेठ उठून दारात जाऊन उभे राहिले.
अपघाताची नोंदवही पहिल्यांदाच उघडली:
अनुक्रमांक एक.
तारखेपाशी पेन थांबलं, मग खरी तारीख लिहिली.
साहेब उशीर का म्हणून विचारणारच.
विचारू दे.

ओव्हरटाइमच्या पुस्तकाची पानं नखानं सोडवली.
पहिल्या ओळीत मी माझंच नाव घातलं,
रात्री आठ ते पहाटे चार.
शेठनी वाचलं. सही केली. जरा वेळानं.

उजाडता सोमाला फोन केला.
पहिली एसटी पकड, म्हटलं, साहेब येणार आहेत,
जे झालं ते तसंच सांगायचं.
तिकडे कोंबडा आरवत होता.
बराच वेळ फक्त कोंबडाच.
मग त्यानं विचारलं,
यायचा दिवस भरंल का?

भरेल, म्हणालो,
शेठकडे न बघता.